खाडा पडल्यावर

मंडळी, व्यायाम सुरू कसा करावा हे सांगायला व्याख्यान लागत नाही. एक जानेवारीला तो सगळ्यांना जमतो, रथसप्तमीच्या सामूहिक सूर्यनमस्कारांनाही गर्दी होते. प्रश्न पुढचा आहे. नेम मोडतो कधी? बहुतेकांचा तो खाडा पडल्यावर मोडतो. घरात लग्न निघतं, ताप येतो, जूनमध्ये पाऊस लागतो, गणपतीत पाहुणे उतरतात. चार दिवस बुडतात आणि पाचव्या दिवशी माणूस म्हणतो, ‘आता सोमवारपासून बघू.’ त्या सोमवाराचं पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सर्रास ऐकवलं जातं. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगून त्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०१० साली छापून आला. गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. कुणाला १८ दिवस पुरले, कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. म्हणजे बाविसाव्या दिवशी उठायचा कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. आणि त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. एक खाडा माफ आहे. सांभाळायचा तो दुसरा.

त्यासाठी व्यायामाच्या दोन मात्रा ठरवून ठेवा: एक पूर्ण, एक किमान. पूर्ण मात्रा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पाच दिवस अर्धा तास भरभर चाललात की १५० मिनिटं झाली. सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट २०२० च्या सूचनांत उरलेली नाही, त्यामुळे तुकडे चालतात.

किमान मात्रा मात्र इतकी लहान हवी की लग्नघरातही व्हावी. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून १० जोर, कठडा धरून १५ वेळा टाचा उचलणं. पाच मिनिटांत संपतं, चपलाही लागत नाहीत. एवढ्याने वजन उतरणार नाही, ते त्याचं कामही नव्हे. वेळ आणि जागा राखून ठेवणं एवढंच त्याचं काम. आणि ‘सकाळी’ ही काही वेळ झाली नाही. ‘दूध तापलं, गॅस बंद केला की चटई अंथरायची’ ही वेळ झाली. रोज न चुकता घडणाऱ्या कामाच्या शेपटाला व्यायाम बांधा.

काही खाडे आपणच ओढवून घेतो. पहिल्या दिवशी उत्साहात २५ सूर्यनमस्कार घातले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड सगळ्यात जास्त ठणकतात, जिना उतरवत नाही. चारापासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन वाढवा. पाचव्या आठवड्यात बारावर याल. दम लवकर वाढतो, स्नायूही तयार होतात, पण स्नायूबंधांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, जास्त वेळ लागतो. मनगट आणि खांदा कुरकुरतात ते त्यामुळे. मनगट दुखत असेल तर तळवा बघा. सगळा भार मनगटाजवळच्या उंचवट्यावर पडत असतो. बोटं पसरून तर्जनीच्या मुळाशी दाब द्या. साष्टांगात छाती धपकन टाकू नका, कोपर अंगालगत ठेवून सावकाश उतरा.

आता परतायचं कसं? तीन-चार दिवस बुडाले असतील तर होतात तिथूनच सुरू करा. आठ-दहा दिवस गेले असतील तर एक तृतीयांश कमी. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर निम्म्यावर या आणि दोन आठवड्यांत पूर्ववत व्हा. बुडालेलं भरून काढायला रविवारी दुप्पट करायचं नाही, त्यातून सोमवारचा खाडा तयार होतो. तापानंतर ताप पूर्ण उतरून एक-दोन दिवस गेल्याशिवाय चटई काढू नका, आणि आधी फक्त चाला. चालताना छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

नोंद हवीच. घड्याळ, ॲप नसलं तरी चालेल, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पूर्ण मात्रेला फुली, किमान मात्रेला टिंब. महिनाअखेर फुल्या मोजत बसू नका, सलग कोऱ्या चौकटी शोधा. दोन कोऱ्या शेजारी-शेजारी दिसल्या की त्या तारखांना घरात काय चाललं होतं ते आठवा. दर महिन्याला तेच कारण निघत असेल, समजा कामावरच्या दुसऱ्या शिफ्टचा आठवडा, तर त्या आठवड्यापुरती वेळ बदला आणि ती कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.