रंगाआधीचा पत्रा

टेबलावरचा हा पातळ पत्रा एका जुन्या चार आसनी विमानाच्या दरवाजाच्या आतल्या बाजूचा आहे. त्याचा पोपटी-हिरवा थर झिंक क्रोमेट प्रायमरचा असून, ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवण्याचे काम तो करतो. आता त्यावर राखाडी रंगाचा हात द्यायचा आहे.

प्रायमर ताजा असेल आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत रंग दिला, तर दोन्ही थर चांगले एकजीव होतात. ती मुदत टळली की प्रायमर पुरता कडक होतो, आणि मग रंगाला धरून राहायला बारीक ओरखड्यांचाच आधार घ्यावा लागतो.

मात्र घासण्याआधी पुसायचे, हा क्रम मोडून चालत नाही, कारण पृष्ठभागावरचे तेल किंवा सिलिकॉन घासताना ओरखड्यांत दाबले जाते आणि पुढे ओल्या रंगात खळग्यांच्या रूपाने वर येते. एका फडक्याने सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारे द्रव, लावायचे आणि ते वाळण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. आपोआप वाळू दिले, तर सुटलेला तेलकटपणा पुन्हा तिथेच बसतो.

घासण्यासाठी ४०० नंबरचा वॉटर पेपर, तोही पाणी लावूनच वापरायचा. क्रोमेटच्या धुळीतले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणून मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि घासलेले पाणीही गटारात सोडायचे नाही. लोखंडी काथ्या तर वर्ज्यच, कारण त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून तिथूनच गंज धरतो. प्रायमरची चकाकी गेली की हात थांबला पाहिजे. नवशिक्याचा हात नेमका इथेच थांबत नाही.

कडेला आणि रिवेटच्या माथ्यांवर कागद लवकर पार जातो. हा पत्रा '२०२४' या क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे, आणि त्यात सुमारे ४ टक्के तांबे असते. त्याने बळ येते, पण गंजही लवकर लागतो. त्यामुळे या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साय चढवलेली असते, आणि बेफिकीर हाताने तीही निघते. धातू उघडा पडलाच, तर तिथे प्रायमर पुन्हा लावल्याशिवाय पुढे जायचे नाही.

शेवटी पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतले जाते. ते अखंड पापुद्र्यासारखे पसरते. फक्त मुठीजवळ, जिथे इतकी वर्षे प्रवाशांचे हात टेकले, तिथे फुटून त्याचे थेंब होतात, म्हणजे तिथे तेलकटपणा अजून उरला आहे. तेवढा भाग सुकवून पुन्हा पहिल्या फडक्याकडे जातो.