दुखणं यकृताचं, मूळ चाऱ्यापाण्यात

नमस्कार श्रोतेहो. जनावराचं खाणं कमी झालं, शेण बिघडलं, अंगावरची तकाकी गेली, की 'लिव्हर बिघडलं असेल' असं आपण सहज म्हणतो आणि टॉनिकची बाटली आणतो. अंदाज कधीकधी बरोबरही निघतो. पण मेलेल्या जनावरांची यकृतं तपासणं हेच माझं काम असल्यामुळे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. यकृत आपणहून क्वचितच आजारी पडतं. इजा यकृतात दिसते, पण ती करणारं कारण पाणथळ कुरणात असतं, खुराकाच्या पोत्यात असतं, नाहीतर विण्याआधी गाईच्या अंगावर चढलेल्या चरबीत असतं. ते कारण तसंच ठेवून बाटली पाजली, तर पैसाही जातो आणि जनावरही.

त्यात हा अवयव फार सोशिक. आतड्यातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी यकृतात येतं, त्यामुळे पोटात गेलेलं विषही पहिल्यांदा तिथेच पोचतं. तरीसुद्धा साधारण तीन चतुर्थांश यकृत निकामी होईपर्यंत बाहेर ठळक लक्षण दिसत नाही. नवं वाढण्याची त्याची ताकदही अफाट. 1931 साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला आणि ते पुन्हा भरून आल्याचं दाखवलं. मात्र मार एकदाच बसला तरच असं होतं. इजा महिनोन्‌महिने होत राहिली, की पेशींच्या जागी तंतुमय ऊती भरते, यकृत आक्रसतं, टणक होतं आणि ते परत मऊ होणं अवघड असतं.

काविळीवर तर अजिबात विसंबू नका. गाई-म्हशींच्या यकृताच्या कितीतरी आजारांत डोळे पिवळे होतच नाहीत. उलट ते पिवळे दिसले तर आधी गोचीडतापाची शंका घ्यावी, कारण तिथे तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. घोड्याचं आणखी वेगळं. नुसता उपाशी राहिला तरी त्याचे डोळे पिवळे दिसू लागतात, यकृत ठणठणीत असताना.

आता चपट्या कृमींकडे, म्हणजे लिव्हर फ्लूककडे येऊ. जबड्याखाली पाण्यासारखी मऊ सूज आलेली मेंढी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. यकृतात प्रथिनं कमी तयार होतात, कृमी रक्तही खातात, मग रक्तातलं पाणी झिरपून तिथे साठतं. गंमत म्हणजे हा कृमी एका जनावरातून थेट दुसऱ्यात जात नाही. शेणातली अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी चिखलातल्या छोट्या गोगलगाईत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून गवताच्या पात्यावर कवच करून बसतात आणि चरताना पोटात जातात. 1880 नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा प्रवास उलगडला. तो कळला म्हणून आज आपल्याला माहीत आहे की हा रोग पाण्याच्या काठावर अडवता येतो.

पोटात गेलेला पिल्लू कृमी आतड्याचं आवरण भेदून थेट यकृताच्या पृष्ठभागातून आत घुसतो आणि सहा ते आठ आठवडे यकृत पोखरत फिरतो. मेंढ्यांमध्ये एकदम हजारो शिरले तर रक्तस्राव होऊन मेंढी चरता चरता मरते. त्या वेळी शेण तपासलं तर अंडं एकही सापडत नाही, कारण अंडी घालायला कृमीला दहा-बारा आठवड्यांचा व्हावा लागतो. म्हणून 'शेणाचा रिपोर्ट चांगला आला' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. या पोखरलेल्या भागात आधीच दडलेले क्लॉस्ट्रिडियम जिवाणूही जागे होतात आणि काही तासांत जनावर जातं.

गाईंमध्ये चित्र संथ असतं. कृमी पित्तनलिकांत वर्षानुवर्षं राहतात, नलिकांच्या भिंती जाड होतात, त्यात चुना साठतो. असं यकृत कापताना सुरीखाली कुरकुर आवाज येतो आणि कापलेल्या नळीतून तपकिरी पित्तासोबत चपटे, पानासारखे कृमी सरपटत बाहेर येतात. ती गाय शेवटपर्यंत दूध देत असते, फक्त थोडं कमी. मालकाला वाटतं, गाईची जातच अशी.

औषधाबाबत एवढं ध्यानात ठेवा. अल्बेंडाझोल फक्त मोठ्या कृमींवर चालतं. यकृत पोखरणाऱ्या पिल्लांवर ट्रायक्लाबेंडाझोल लागतं, आणि त्यालाही दाद न देणारे कृमी 1995 पासून नोंदले गेले आहेत. तेव्हा दरवेळी तेच औषध, अंदाजाने, वजन न बघता पाजणं घातक आहे. कोणतं, केव्हा आणि त्यानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे पशुवैद्यकाला विचारा. गाभण जनावराबाबत तर विचारल्याशिवाय काहीच नको. आणि काठाला कुंपण घाला, पाणी हौदात पाजा. औषधापेक्षा हे जास्त टिकतं.

खुराकाच्या पोत्याची गोष्टही इंग्लंडचीच. 1960 साली तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोगजंतू सापडेना, म्हणून त्याला नाव पडलं 'टर्की एक्स'. शेवटी दोष निघाला भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस बुरशीने विष सोडलं होतं, तेच अफ्लाटॉक्सिन. वासरं, डुकरं, बदकं, कुत्री याला फार लवकर बळी पडतात. मोठी गाय तग धरते, पण तिने खाल्लेल्या विषाचा काही अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो आणि दूध उकळल्याने तो नष्ट होत नाही. बुरशीचा थर झटकून उरलेली पेंड घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहतं.

विण्याआधी गाय जितकी गुबगुबीत तितकी चांगली असं लोकांना वाटतं, पण यकृतात चरबी साचण्याच्या बाबतीत हे नेमकं उलटं असतं. भाकड काळात गुबगुबीत झालेली गाय व्याल्यावर दुधाला जेवढी ऊर्जा लागते तेवढं खाऊ शकत नाही. मग अंगावरची चरबी वितळून यकृतात येते आणि तिथेच साचते. असं यकृत पिवळं, तेलकट, कडा बोथट झालेलं असतं, तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. म्हणून विण्याआधी खाऊ घालून फुगवू नका आणि गाय रोडही करू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृताचंही असंच होतं. तिथे नळीने का होईना, पण पोटात अन्न जाणं हाच मुख्य उपचार. 'भूक लागली की खाईल' म्हणून वाट पाहू नका.

मेंढ्यांना गाईचा खुराक घालू नका, त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एके दिवशी अचानक रक्तात उसळतं. घाणेरीचं झुडूप खाल्लेल्या जनावराचं पित्त तुंबतं, मग हिरव्या चाऱ्यातून बनलेलं एक रंगद्रव्य कातडीत साचतं आणि उन्हात पांढरी कातडी भाजून सोलते. तिला नुसतं मलम लावून भागत नाही, जनावर सावलीत बांधा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

रक्ततपासणीबद्दल एकच सांगतो. माणसांत आणि कुत्र्यांत उपयोगी पडणारी एएलटी चाचणी गाई-घोड्यांच्या यकृताबद्दल फारसं काही सांगत नाही. त्यांच्यासाठी जीजीटी, जीएलडीएच अशा चाचण्या लागतात.

जनावर दगावलंच, तर शवविच्छेदन करून घ्या. गेलेलं परत येत नाही, पण उरलेल्या कळपाचं निदान तिथेच होतं. नमुना पाठवताना यकृताचे सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे दहापट फॉर्मेलिनमध्ये आणि एक तुकडा वेगळा, बर्फावर. यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर ते यकृत कुत्र्याला घालू नका, पुरून किंवा जाळून टाका. त्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. आणि जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल, तर सुरी लावूच नका. तो काळपुळीचा आजार, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो. शव न हलवता, कुत्र्यांना जवळ येऊ न देता, आधी पशुवैद्यकाला कळवा.