किशा नो किशा

(पडद्यावर कीबोर्ड. बोटं रोमन कळांवर.)

के, आय, एस, एच, ए. जपानी टाइप करायचं आहे. पाच कळा दाबल्या आणि पडद्यावर उमटलं: किशा. खाली बारीक रेघ आहे, म्हणजे शब्द अजून पक्का झालेला नाही.

कारण किशा म्हणजे पत्रकार. किशा म्हणजे वाफेची आगगाडी. किशा म्हणजे ‘तुमची कंपनी’, आदराने म्हटलेली. आणि कामावरून कचेरीत परतणं, तेही किशाच. आता स्पेस बार. यादी उघडते, हवी ती कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अर्थवाही चिन्हं, निवडायची, मग एंटर.

‘किशा नो किशा वा किशा दे किशा शिता.’ तुमच्या कंपनीचा पत्रकार आगगाडीने कचेरीत परतला. जपानमध्ये हे वाक्य प्रसिद्ध आहे, आणि ते टाइप करून पाहण्यासारखं आहे.

मोबाइलवर एम-ए-एल-ए टाइप केलं की ‘मला’ हवं की ‘माळा’, हे आपल्यालाही निवडावं लागतं. पण ते दोन शब्द कानाला वेगळे लागतात. किशाच्या बाबतीत कान पुरत नाही. डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

(जुनं टंकलेखन यंत्र. खिळ्यांचा ट्रे.)

रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली कांजीच २,१३६ आहेत. एवढ्या कळा बसवायच्या कुठे? १९१५ साली क्योता सुगिमोतो यांनी जे यंत्र घडवलं, त्यात सुमारे २,४०० खिळे होते. ट्रेमधून नेमका खिळा हुडकायचा, उचलून कागदावर ठोकायचा, परत जागेवर ठेवायचा. एका अक्षरासाठी एवढं.

१९७८ मध्ये तोशिबाने जेडब्ल्यू-१० हा जपानी मजकूर लिहिण्याचा वर्ड प्रोसेसर जाहीर केला. आकार टेबलाएवढा, वजन सुमारे २२० किलो, किंमत ६३ लाख येन. केनिची मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खिळा शोधण्याचं काम माणसाकडून काढून घेतलं. माणसाने फक्त उच्चार द्यायचा. यंत्र व्याकरण तपासणार, शब्दकोश धुंडाळणार, पर्याय पुढे ठेवणार. शिवाय मागच्या वेळी निवडलेला शब्द पुढच्या वेळी आधी दाखवणार. मला यातली ही आठवण ठेवण्याची कल्पना सगळ्यांत मोलाची वाटते.

बोटांनाही नवी सवय लागते. ‘कोन्-या’ म्हणजे आज रात्री. त्यातला एन दोनदा दाबावा लागतो. एकदाच दाबला, तर यंत्र ‘को-न्या’ असं जोडून वाचतं.

(कोरा कागद. हातात पेन.)

वर्षानुवर्षं असं टाइप करणारे पुष्कळ जपानी लोक सांगतात, की यादीत कांजी दिसली की क्षणात ओळखू येते. कागदावर मात्र दोन-तीन रेघा होतात, आणि पेन तिथेच थांबतं.