आंबलेले अंग

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. लातूर जिल्ह्यातल्या या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावायला उतरली आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय सर्वांना १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, अशी मैदानी चाचणी त्यांच्यापुढे आहे. परवा पहिल्यांदाच आलेली एक मुलगी मात्र आज पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार घेते आहे. परवा संध्याकाळपर्यंत तिला काहीच जाणवले नव्हते.

या अवस्थेला आपल्याकडे ‘अंग आंबणे’ म्हणतात, आणि शब्द मोठा नेमका आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात न्यायची आंबील जशी रात्रभर ठेवल्याशिवाय आंबत नाही, तसेच हे दुखणेही व्यायामानंतर १२ ते २४ तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि साधारण आठवड्याच्या आत ओसरते.

या शब्दामुळे एक गैरसमज मात्र सहज पटतो. स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साचते आणि तेच दुखते, असे आजही अनेक मैदानांवर सांगितले जाते. प्रत्यक्षात व्यायामात वाढलेले हे द्रव्य सुमारे तासाभरात पूर्वपदावर येते. मग दोन दिवसांनंतरच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर कसा येणार? १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले, पण त्यांचे स्नायू फारसे दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले नाही, आणि दुखणे मात्र त्यांच्याच वाट्याला आले.

खरे कारण या उतारातच आहे. देवगिरी किल्ला चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे, कारण उतरताना शरीराचा भार झेलणारा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावत असतो. बैठक मारताना खाली जाण्याच्या वेळी हेच घडते. अशा ताणाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, दुरुस्तीसाठी तेथे दाह निर्माण होतो आणि वेदना जाणणाऱ्या नसा अधिक संवेदनशील होतात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच या दुखण्याचा संबंध स्नायूंतील अशा फाटण्याशी जोडला होता.

दुरुस्ती आतून चाललेली असल्यामुळे कोणताही उपाय ती एका रात्रीत संपवत नाही. उपायांनी दुखणे सुसह्य होते, एवढेच. त्यांत मालिशचा उपयोग तुलनेने अधिक दिसतो. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगड येथून पुढे येऊन १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार ज्या कुस्तीच्या परंपरेत घडले, तिने मेहनतीइतकाच मान मालिशला दिला आहे. करडईचे किंवा तिळाचे तेल, ओळखीचा हात आणि सोसवेल एवढाच दाब पुरेसा असतो. दुखऱ्या पोटरीवर पाय देऊन तुडवण्याची गरज नाही. सावकाश चालल्यानेही तात्पुरता आराम पडतो, तर गरम पाण्याने शेकल्यास आखडलेपणा कमी वाटतो. १० ते १५ अंश तापमानाच्या पाण्यात बसण्याचाही काहीसा फायदा दिसतो, पण आपल्या विहिरींचे पाणी तेवढे थंड नसते. स्नायू ताणण्याच्या व्यायामाने मात्र या दुखण्यात नगण्य फरक पडतो. झोप आणि डाळ, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार दुरुस्तीला आवश्यक आहे.

एका गोष्टीची मात्र मनापासून काळजी वाटते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि त्या दिवसांत घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात वेदनाशामक गोळ्या घेऊन सराव रेटल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. लघवी चहासारखी गडद झाली, स्नायू फार सुजले किंवा हातापायांतली शक्ती गेली, तर ते नेहमीचे आंबणे नव्हे. स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरत असण्याची शक्यता असते, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. धावतानाच एका जागी कळ आली असेल, तर तीही दुखापत समजावी.

ज्वारीच्या काढणीला पहिले दोन दिवस अंग धरते आणि पुढे तेच काम सहज होते, हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच श्रमाने कमी दुखावतो. म्हणून पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारण्यापेक्षा वीसपासून सुरुवात करून हळूहळू वाढवणे शहाणपणाचे ठरते.

ती मुलगी आज धावणार नाही. मैदानाच्या कडेने चालत तिने दोन फेऱ्या पूर्ण केल्या आहेत, आणि तिसऱ्या फेरीला तिचे पाऊल आता सरळ पडू लागले आहे.