झाडीपट्टीतील बाळंतपण आणि सिकलसेल

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर गार चिखलात वाकून उभ्या असतात, आणि त्यांतील काहींच्या मांड्यांत, पाठीत, छातीत संध्याकाळी अशा कळा सुरू होतात की कूस बदलणेही कठीण होते. घरी हे दुखणे बहुधा कामाच्या थकव्यावर घातले जाते आणि वेदनाशामक गोळीवर भागवले जाते. परंतु त्यांपैकी काही जणींना जन्मापासून सिकलसेल आजार असतो, आणि गारठा, उपाशी पोट, ताप किंवा अंगातले कमी झालेले पाणी यांपैकी एखादे कारणही या वेदनांना पुरेसे होते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या मजुरांच्या बाबतीत ऊन आणि तहान हेच करतात.

हा आजार कोणाच्या सहवासाने लागत नाही. तो आईवडिलांकडून येतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकाच अक्षराचा बदल झाल्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. एवढ्याशा बदलाने, प्राणवायू कमी होताच, हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पुढचा रक्तपुरवठा तोडते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवून दिले, आणि भारतात 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये या आजाराची पहिली नोंद झाली.

विदर्भात तो गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, तसाच अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही आहे, म्हणून त्याला केवळ जंगलातला आजार मानणे चुकीचे ठरते. एका बाजूने दोष आलेला माणूस, ज्याच्या तपासणीच्या कागदावर एएस लिहिलेले असते, तो वाहक असतो. तो सहसा निरोगी आयुष्य जगतो आणि बालपणी त्याला तीव्र हिवतापापासून संरक्षणही मिळते. हिवताप पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, त्याचे कारण हेच आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस, म्हणजे दोघांकडूनही दोष आलेले आजारी, मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. प्रत्येक गरोदरपणात, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, हा समज कितीतरी कुटुंबांना महागात पडतो.

गावातील शिबिरात बोटातून घेतलेले थोडे रक्त एका द्रावणात मिसळले जाते. द्रावण गढूळ झाले आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन असण्याची शक्यता धरतात. परंतु ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील तपासणी करावी लागते. म्हणून पहिल्या चाचणीच्या आधारे एखाद्या मुलीला रुग्ण ठरवून तिचे ठरत आलेले लग्न मोडणे हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या आणि हिमोग्लोबिनचा दुसरा कोणताही आनुवंशिक दोष नसलेल्या जोडीदाराशी झाले, तर त्यांच्या मुलाला हा आजार होत नाही. त्यामुळे नवऱ्या मुलाची तपासणी मुलीइतकीच आवश्यक आहे, हे आशाताईंनी वरपक्षाच्या दारात उभे राहून सांगणे सोपे नसले, तरी ते सांगितलेच गेले पाहिजे.

भारतात आढळणारा सिकलसेल सौम्य असतो, कारण येथील रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते, असे बराच काळ मानले जात होते. नागपुरात जन्मतःच निदान झालेल्या बालकांचा पाठपुरावा केल्यावर संशोधकांना वेगळे दिसले. येथील अनेक बालकांना वारंवार वेदना, तीव्र रक्तक्षय आणि गंभीर संसर्ग होत होते.

गरोदर स्त्रीचा प्रश्न तर आणखी दुर्लक्षित राहिला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली, आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्यापूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. बाळंतपणापलीकडेही बाईला शरीर आहे, हे या अभ्यासाने जगाला आकड्यांत सांगितले. सिकलसेलच्या बाबतीत तेच पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे.

रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवलेल्या गरोदर बाईला एसएस असू शकते, आणि ते कळले नाही तर तिला वाढलेला रक्तदाब, फुप्फुसांतील गंभीर गुंतागुंत, अवेळी प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. तिला फॉलिक आम्ल, वेळोवेळी रक्तदाब व रक्ताची तपासणी आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात प्रसूती हवी असते. वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भधारणेपूर्वी थांबवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. म्हणजे मूल हवे असलेल्या बाईला आपल्या वेदना वाढण्याची जोखीम पत्करावी लागते. या औषधाने पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्याही घटू शकते, तेव्हा हे बोलणे नवराबायको दोघांशी व्हायला हवे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. तिचा भर पुढच्या पिढीवर आहे आणि तो असावाच, मात्र आजार घेऊन आज गरोदर असलेली बाई त्यात मागे पडता कामा नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरील जनुकसंपादनाच्या, म्हणजे रुग्णाच्या पेशींतील जनुकातच बदल करण्याच्या, उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली.

दोघेही वाहक असल्याचे लवकर कळले, तर गर्भाच्या 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास वारेच्या भागातून नमुना घेऊन निदान करता येते, आणि अशा आजारांसाठी गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदाही या तपासणीस परवानगी देतो. पुढे काय करायचे तो निर्णय त्या जोडप्याचा आहे, आणि मूल जन्माला घालण्याचा त्यांचा निर्णयही तितक्याच आदराने स्वीकारला गेला पाहिजे. अशा बाळाच्या टाचेतील रक्ताची तपासणी जन्मानंतर लगेच झाली, तर दोन महिन्यांच्या वयापासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस देता येते. त्याच्या आईला पोटाच्या डाव्या बाजूला बरगडीखाली हात लावून प्लीहा पाहायला शिकवतात, आणि ती अचानक मोठी लागली, बाळ पांढरे पडले किंवा त्याला ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यायचे असते.