धुक्यात अप्पर चालत नाही

(दृश्य : पहाटेचा घाट. समोरून येणारा ट्रक अप्परवरून डिपरवर येतो.)

धुक्यात अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, लावला की गाडीपुढे पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावर, आणला की निदान रस्त्याच्या कडेचा पट्टा दिसतो. हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब उजेड विखरतात आणि त्यातला बराचसा चालकाच्याच डोळ्यांत परत फेकतात. धुक्यात उजेड नसतो असे नाही, तो भलतीकडे गेलेला असतो.

भाषेत धुके वापरताना गफलत होते ती इथेच. ‘अज्ञानाच्या धुक्यात ज्ञानाचा दिवा’ मानपत्रांत हमखास भेटतो. दिवा हा अंधारावरचा उपाय. धुक्यात तो जितका मोठा, तितकी भिंत जाड.

(दृश्य : पोथीचे पान, ओळीवरून सरकणारे बोट.)

ऋग्वेदातल्या ऋषीने हा फरक पकडला होता. दहाव्या मंडलातल्या 82व्या सूक्ताची शेवटची ऋचा म्हणते, ज्याने हे सारे घडवले त्याला तुम्ही जाणत नाही. पुढे शब्द येतात, ‘नीहारेण प्रावृता जल्प्या च’. नीहार म्हणजे धुके, जल्पि म्हणजे बडबड. सूक्ते म्हणत फिरणारे हे लोक धुक्याने आणि बडबडीने वेढलेले. अंधारात माणूस चाचपडतो, थांबतो. धुक्यात त्याला थोडेफार दिसत असते, म्हणून तो बोलत राहतो.

महाभारताच्या आदिपर्वात धुके नुसते आडोशाला आहे. तीरावरचे ऋषी बघतील, असे सत्यवती म्हणते आणि पराशर धुके निर्माण करतात. व्यासांची जन्मकथा सुरू होते ती या पडद्याआड.

(दृश्य : माळरान. जवळचे बाभळीचे झाड स्पष्ट, मागची टेकडी गायब.)

दृश्यमानता 1000 मीटरच्या खाली आली की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. म्हणजे धुक्याला अंतर असते: हाताजवळचे दिसते, लांबचे पुसते. ‘आठवणींचे धुके’ त्यामुळेच पटते. म्हातारपणी मात्र ते उलटे पडते. सकाळचे जेवण आठवत नाही, शाळेचा फळा लख्ख दिसतो.

मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘धुंद’ म्हणजे अंधूक, झाकोळलेले, आणि ‘धुंद’ म्हणजे नशेतलाही. सत्तेची धुंदी चढते तेव्हा बाहेरची हवा अगदी स्वच्छ असते. ‘धूसर’ मात्र मुळात धुळीच्या रंगाचा. ‘आशा धूसर झाल्या’ म्हणताना त्यात पाण्याचा थेंबही नसतो.

क्रियापद चुकले की प्रतिमा मोडते. मळभ वरून येते, सावट पडते, धुरळा उडतो आणि खाली बसतो. धुके विरते. ‘संभ्रमाचे धुके हटवा’ ही मागणी म्हणूनच कानाला खटकते. ऊन वर आले, जमीन तापली, की ते खालून विरत जाते. हटवायला हात कुठे लावणार?

(दृश्य : तुरीचे शेत, ओली पाने.)

मराठवाड्या-विदर्भात याच धुक्याला धुई, धुवारी म्हणतात. त्या शब्दांत हुरहुर वगैरे काही नाही. तूर फुलोऱ्यात असताना धुवारी लागोपाठ पडली की फुले गळतात आणि शेंगा कमी धरतात. ‘धुवारी आली’ एवढेच बोलून माणूस तुरीच्या ओळीत वाकतो आणि ओल्या मातीवर पडलेली पिवळी फुले बघतो.