घर बदलायचे असेल तर फिक्स किती वर्षांचा घ्यावा?

मित्रहो, इंग्लंडात घर घेतलेल्या आपल्या मराठी कुटुंबांमध्ये गृहकर्जाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो, ‘व्याजदर आता उतरतील का?’ मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर आलेला बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेला. ही चढण ज्यांनी सोसली, त्यांना तो प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. परंतु मुलांच्या शाळेसाठी, नोकरीसाठी किंवा घर अपुरे पडते म्हणून ज्यांना दोन-तीन वर्षांत बिऱ्हाड हलवावे लागेल, त्यांनी त्याआधी एक चौकशी करावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे: फिक्स, म्हणजे ठरावीक वर्षे व्याजदर न बदलणारे कर्ज, मुदतीआधी मोडला तर भुर्दंड किती?

आपण हिशेबच मांडू. अडीच लाख पौंड कर्ज आहे आणि पाच वर्षांचा फिक्स दोन वर्षांच्या फिक्सपेक्षा पाव टक्क्याने स्वस्त मिळतो आहे, असे धरा. वर्षाला साधारण ६२५ पौंड वाचतात, म्हणजे दोन वर्षांत १,२५० पौंड. पण पाच वर्षांच्या फिक्सवर पहिल्या वर्षी पाच टक्के, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी तीन, अशी दंडाची उतरती रचना बऱ्याच ठिकाणी असते. तिसऱ्या वर्षी घर विकून कर्ज फेडले, तर तीन टक्क्यांप्रमाणे जवळपास ७,५०० पौंड एकरकमी द्यावे लागतात. दोन वर्षांनी नवा फिक्स घेताना हजारएक पौंड फी पडली, तरी ती या दंडापुढे किरकोळच.

यावर ब्रोकर सांगतात की कर्ज ‘पोर्ट’ करता येते, म्हणजे तोच दर नव्या घरावर नेता येतो. हे खरे आहे, पण तो हक्क नव्हे. सावकार संस्था तुमचे उत्पन्न, खर्च आणि नवे घर पुन्हा तपासते आणि नकारही देऊ शकते. आमच्याच घरी हे घडले. बाळ झाल्यावर पत्नीने अर्धवेळ नोकरी पत्करली, आणि ज्या कर्जाचा हप्ता आम्ही एकदाही चुकवला नव्हता, तेच कर्ज नव्या घरासाठी आम्हाला परवडणार नाही, असे पत्र आले. शिवाय जुने घर विकून काही महिने भाड्याने राहायचा बेत असेल, तर पोर्टिंगसाठी किती दिवसांची सवलत मिळते, हे आधी लेखी विचारून घ्यावे. काही ठिकाणी दोन्ही व्यवहार एकाच दिवशी पूर्ण व्हावे लागतात.

दोघांच्याही नोकऱ्या स्थिर आहेत आणि पुढचे घर थोडेच महाग असेल, अशा कुटुंबाने पाच वर्षे घ्यायला माझी हरकत नाही. मात्र वाढीव कर्जाला त्या वेळचा दर लागेल आणि दोन भागांच्या मुदती वेगवेगळ्या संपतील, ही अडचण लक्षात ठेवावी. बाकीच्यांना मी दोन वर्षेच सुचवतो, आणि वर्षभरातच निघायचे असेल तर दर थोडा जास्त पडला तरी दंड नसलेला ट्रॅकर, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडच्या दराबरोबर वरखाली होणारे कर्ज.

आणखी एक. दंडाची मुदत पुष्कळदा घराचा ताबा मिळाल्यापासून मोजलेली नसते. ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ अशी ठरावीक तारीख कर्जाच्या ऑफर लेटरमध्ये छापलेली असते. घर विक्रीला काढण्यापूर्वी ती तारीख पाहा, आणि व्यवहार तिच्या आधी दोन-तीन आठवडे पूर्ण होणार असेल, तर तो तेवढा पुढे नेता येतो का, हे सॉलिसिटरला विचारा.